भैरूचा भोंगा आणि फराळाची बारी

पिंपळटेकच्या भैरूला देवाने एकच गोष्ट सढळ हाताने दिली, ती म्हणजे गळा. बाकीचं देताना देव घाईत असावा. उंची बेताची, जमीन बेताची, आणि केस तर पंचविशीतच परत मागून घेतले. पण गळा असा, की चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला घाटाच्या माचाणावर उभं राहून त्याने ‘भिर्रर्रर्र’ केलं, की चाकणच्या चौकात अडकलेला कंटेनरवाला दचकून गिअर टाकायचा. देव स्वतः त्याच घाटाच्या पायथ्याशी, शेंदूर थापून, भोंग्याकडे तोंड करून बसलेला. इतकी वर्षं इतक्या जवळून ऐकून देव ठार बहिरा झालाय, अशी गावात बोलवा होती. नवसांचा एकंदर निकाल बघता तिच्यात तथ्य असावं.

घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढाची वाट. खालून चार बैलांचा हलका गाडा सुटतो, पुढे एक घोडी धावते, आणि वर निशाण गाठेपर्यंत जी काही झुंबड उडते तिला बारी म्हणतात. बारी चहाचा घोट गिळेपर्यंत संपून जाते. मागे उरते ती धूळ. म्हणून बारी ही बघण्यापेक्षा ऐकण्याची चीज आहे, असं भैरूचं ठाम मत होतं. ऐकवणारा तोच असल्यामुळे हे मत अगदीच निःपक्षपाती नव्हतं.

वर्षाचे बाकीचे दिवस मात्र भैरू मुका. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये त्याची उमर गेली. तिथे पत्र्यावर प्रेस आदळायची ती अशी, की माणसाला आपला विचारसुद्धा ऐकू येऊ नये. कामगार खुणांनी बोलायचे. चहाला एक खूण, शिवीला एक, आणि सुपरवायझर येतोय याला एक. शेवटच्या दोन खुणा एकच होत्या, पण त्याने कुणाचं अडलं नाही. वर्षभर मशीन ओरडायची आणि भैरू ऐकायचा. यात्रेच्या दिवशी तो ओरडायचा आणि जग ऐकायचं. त्याच्या मते हिशेब फिटत होता.

नुसता गळा असता, तर भाड्याच्या लाउडस्पीकरनेही भागलं असतं. भैरूची खरी दौलत होती आठवण. गाडा जुपला जाईतो तो बैलाची सगळी कुळकथा सांगायचा. हा कुणाच्या गाईचा, कुठल्या बाजारातून आणला, याच्या आजाने कुठल्या घाटात कुणाची जिरवली, याच्या मालकाने त्या आनंदात कुठल्या ओढ्यात मोटरसायकल घातली. त्याच्या एका बारीत मागच्या सगळ्या बाऱ्या पळायच्या. विहिरीत घागर सोडावी आणि पाण्यासोबत तळाची वाळू, एखादं जुनं नाणं, कुणाची हरवलेली नथ वर यावी, तसं त्याचं बोलणं वर यायचं. लोक ऐकायचे, हसायचे, आणि मनातून देवाला विनवायचे की यात आपलं काही निघू नये.

सावळारामचं निघालं.

वीसेक वर्षांमागची गोष्ट. सावळारामचा चिमण्या नावाचा खोंड पहिल्यांदा घाटात उतरला होता. चांदण्यासारखा पांढरा, शिंगं कोरून काढल्यासारखी. घरातलं सगळं दूध चिमण्याला जातं आणि आम्ही कोरा चहा पितो, असं सावळारामची बायको चारचौघीत सांगायची. बारी सुटली. वाऱ्याने गवत वाकावं तशी गर्दी दोन्ही बाजूंनी वाकली. चिमण्या पुढे, निशाण हाताच्या अंतरावर. आणि तिथेच, वरच्या कडेला, एका रसवाल्याने उसाची मोळी उभी केली होती. हिरव्यागार वाढ्यांची, म्हणजे शेंड्याच्या पाल्यासकट.

चिमण्या थांबला. तो थांबला म्हणून चारी थांबले. गाडा आडवा झाला. घोडी बिचारी एकटीच निशाणापार गेली आणि वळून बघत राहिली. चिमण्याने शांतपणे एक वाढा ओढला, आणि डोळे मिटून चघळायला लागला.

 मग भोंगा बोलला.

“थांबा मंडळी, थांबा! कुणी गडबड करू नका. सावळारामचा बैल फराळाला बसलाय!”

त्या दिवसापासून सावळारामचं घर ‘फराळवाले’ झालं. तो सोयरीक जुळवायला रहाटणीला गेला, तर पाव्हण्याने पोह्यांची बशी पुढे करताना तोंड फिरवून हसू दाबलं. पोरगा रणजीत शिकून मोठ्या कंपनीत इंजिनिअर लागला, तर पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, “पिंपळटेकचे? फराळवाल्यांतले का?” सावळारामने पुन्हा कधी गाडा जुपला नाही. आणि भैरूने पुन्हा कधी ती बारी सोडली नाही. दर यात्रेला, कुणाचाही बैल जरा रेंगाळला, की भोंग्यातून यायचंच: “चल रे बाबा, फराळाची वेळ न्हाई ही!”

मधे शर्यतींवर बंदी आली. घाटावर गवत माजलं, निशाणाच्या जागी बाभळ उगवली. सावळारामला वाटलं, आता निवेल. तवा चुलीवरून उतरवला की कधी ना कधी हात लावण्याजोगा होतोच. थोडं निवलंही. मग बंदी उठली, आणि पहिल्याच यात्रेत भैरूने माईकवर फुंकर मारून सुरुवात केली, “मंडळी, एवढी वर्षं घाट उपाशी होता. पोटभर खाऊन गेला होता तो एकच!”

सावळारामचा तवा होता तिथेच होता. खाली जाळ नव्हता, तरी तापलेला.

पण दिवस फिरतात. सावळारामची रस्त्याकडेची जमीन कंटेनर यार्डला गेली, दारात पांढरी गाडी आली, गळ्यात सोन्याचा साखळदंड आला, आणि यंदा तो यात्रा कमिटीचा अध्यक्ष झाला. खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने पहिला ठराव केला तो माईकचा. ही बातमी भैरूच्या घरी आणली त्याच्या बायकोने, शालनबाईने. देवळातून ती परत आली ती पदराने वारा घेत.

“तुमच्या गळ्याला रिटायर केलं,” ती म्हणाली.

“कुणी?”

“फराळानं. पुनावळ्याचा कुणी गणराज हाय म्हनं. लग्नात बोलतो, बिल्डरच्या उद्घाटनाला बोलतो, आता घाटावर बोलनार हाय. कोट घालून.”

“बैलाफुडं कोट?”

“निळा हाय म्हनं.”

कंपनीने रिटायर केलं होतं तेव्हा भैरू हसत घरी आला होता. मशीनला त्याची आठवण येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यालाही तिची येणार नव्हती. पण माईक गेला म्हटल्यावर त्याने पुढ्यातलं ताट सरकवलं. शालनबाई मनातून हादरली, कारण ताटात मासवडी होती. हा माणूस सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही मासवडी सोडून उठला नव्हता. वर्षातला एकच दिवस तो पुरता भैरू असायचा, बाकीचे दिवस नुसता पेन्शनर. तो एक दिवस गेला तर उरायचं काय, हे तिला त्याच्यापेक्षा आधी कळलं. तिने पुतणीला फोन लावला.

पुतणी म्हणजे उत्कर्षा. पुण्याला एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. गावात समज असा, की पोरगी फ्रीज दुरुस्त करायला शिकतेय, कारण तिने एकदा तिथल्या फ्रीजबद्दल सांगितलं होतं. फ्रीज खोलीएवढा, आत उलट्या टांगलेल्या पितळी झुंबरासारखं काहीतरी, आणि थंडी अशी, की तारे आणि तारे यांच्यामधली जागासुद्धा तिच्यापुढे उबदार वाटावी. शालनबाईचा एकच प्रश्न होता, “एवढ्या थंडीत ठेवता काय?” उत्कर्षा म्हणाली होती, “काही नाही काकू, एक बारीकसा तुकडा. दिसतसुद्धा नाही.” तेव्हापासून शालनबाईचा विज्ञानावरचा विश्वास जरा उडालेला होता.

रविवारी उत्कर्षा आली. भैरू ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला.

“तात्या, उठा. तुम्हाला माहितेय का, मी तुमच्यावरच पीएचडी करतेय?”

“माझ्यावर?” भैरू वळला. “फोटो लागंल का?”

“ऐका तर. समजा एक कण आहे. त्याला दोनच जागा, एक खालची, एक वरची. खाली तो निवांत असतो, दावणीला बसलेल्या बैलासारखा. आम्ही त्याला ढोसून वर चढवतो आणि किती वेळात निवतो ते शोधतो.”

“बगत बसायचं, म्हन की.”

“छे, बघायचं नाही! मधेच बघितलं की त्याचं सगळं बिघडतं. बघायचं एकदाच, शेवटी. मग पुन्हा चढवायचा, पुन्हा थांबायचं, पुन्हा बघायचं. हजारो वेळा. तेव्हा कुठे सांगता येतं, एवढ्या वेळाने किती वेळा तो वरच होता आणि किती वेळा खाली आला होता.”

“आन् ह्येचा पगार देत्यात तुला?” शालनबाईने आतून विचारलं.

“देतात कधीमधी. तर तात्या, त्या कणाला खाली आणतं कोण? आवाज.”

भैरू सावरून बसला. आता विषय त्याच्या हद्दीत आला होता.

“कानाने ऐकायचा आवाज नव्हे. आजूबाजूची बारीक थरथर. सगळं गोठवलं तरी ती उरतेच. आता हा आवाज असतो दोन जातींचा. एक विसरभोळा. आत्ता काय ओरडला ते पुढच्या क्षणी त्याच्या ध्यानात नसतं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होते ना, तशी नुसती चरचर. अशा आवाजात कण शहाण्यासारखा निवतो. दर घटकेला उरलेल्यातला ठरावीक वाटा जातो, मग त्यातला तेवढाच वाटा, मग त्यातला. सरळ काम.”

“आन् दुसरा?”

“दुसरा लांब आठवणीचा. तो आज जे बोलतो त्यात काल, परवा, तेरवा सगळं मिसळलेलं असतं. त्याच्यात कण धड निवतच नाही. थोडा निवतो, मग अडकतो. कधी कधी तर आवाजाने घेतलेलं त्याला थोडं परत मिळतं, आणि तो पुन्हा उठू बघतो. शेपूट संपता संपत नाही. पुढे काय होणार हे कण आत्ता कुठे आहे एवढ्यावरून सांगता येत नाही, मागचं सगळं बघावं लागतं.”

“हा आवाज येतो कुटनं?”

“धातूच्या सालीत, काचेच्या कडेला काही अणू धड बसलेले नसतात. ते कुशी बदलत राहतात. कुणी पटापट बदलतो, कुणी तासाने, कुणी आठवड्यातून एकदा. सगळ्यांची चुळबुळ एकत्र झाली की तिची आठवण फार लांब पोचते.”

“म्हंजी आमची यात्रा कमिटी,” भैरू म्हणाला. “आन् मी दुसऱ्या जातीचा आवाज. आन् कण कोन?”

“तुम्हीच सांगा.”

“सावळाराम!” शालनबाई आतून बाहेरच आली. “अगं बाई, केवढा तरी कण!”

भैरू हसला. आठवड्यात पहिल्यांदा. मग हसू मावळलं, आणि त्याने हळू आवाजात विचारलं, “मग पोरी, त्या कणाला काय औषिद?”

“आवाज काही बंद करता येत नाही. पण लांब आठवणीच्या आवाजाची एक गंमत आहे. मधेच कणाला झटक्यात पालथा करायचा. आवाज आपलं जुनंच पुढे ओढत असतो. पण कण उलटा झालेला असतो ना, मग आवाजाने आधी जे बिघडवलं, तेच तो आता स्वतः सावरत जातो. विसरभोळ्या आवाजापुढे ही युक्ती चालत नाही. त्याला मागचं ठाऊकच नसतं, तो सावरणार काय?”

“सगळं सावरतं?”

“सगळं नाही. पण बरंच परत येतं.”

उत्कर्षाने आणखीही काही सांगितलं. पण भैरूच्या कानात एकच शब्द भोंग्यासारखा घुमत राहिला होता. पालथा करायचा. फराळ हीच शिवी आहे ना? मग तीच पालथी करू आणि मान करून टाकू!

आता या पट्ट्यात मान द्यायची रीत एकच उरली आहे, फ्लेक्स. वाढदिवस झाला, फ्लेक्स. निवड झाली, फ्लेक्स. माणूस गेला, तरी हसऱ्या चेहऱ्याचा फ्लेक्स. भैरू मोशीला गेला आणि चांगला बसएवढा फ्लेक्स छापून आला. मधे फेटा बांधलेला सावळाराम, शेजारी ऊस खाणारा बैल, दोघांच्या मिळून डोक्यावर एक मुकुट, आणि वर पिवळ्या जाड अक्षरांत: ‘फराळसम्राट सावळारामशेठ यांना घाटप्रेमींतर्फे मानाचा मुजरा!’ हा फ्लेक्स त्याने गावच्या कमानीवर, हायवेकडे तोंड करून, स्वतः उभं राहून बांधून घेतला. चाकणचा ट्रॅफिक असा, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ होईपर्यंत वाचायला मिळाला.

ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी विचारलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं. जे विसरले होते ते कपाळावर हात मारून म्हणाले, “अरे हो की!” कासारवाडीहून सावळारामच्या व्याह्याचा फोन आला, मुकुटाबद्दल अभिनंदन करायला. संध्याकाळच्या आत सावळारामची पांढरी गाडी भैरूच्या दारात उभी राहिली.

“भैरू, भाईर ये.”

“आलो, आलो. बसा की शेठ. शालन, च्या टाक.”

“बसाया न्हाई आलो. काय तमाशा लावलायस ह्यो?”

“तमाशा न्हाई, मान हाय. तुमास्नी पालथं केलंय.”

“काय केलंय?”

“आमच्या उत्कर्षाला इचारा. इज्ञान हाय ते.”

सावळारामच्या गळ्यातली साखळी श्वासासरशी वरखाली होत होती.  शब्द ओरडून आले नाहीत, दबून आले, आणि भैरूला तेच जास्त लागलं.

“माझा बाप गेला तवा मयतीला आलेलं एक मानूस फराळ म्हनून हसलं. माझ्या पोराला त्याच नावानं हाक मारत्यात. तुझं एक वाक्य होतं, भैरू. एक. तू माईक ठिवून घरी गेलास, मी अजून तितंच उभा हाय. आता ऐक. यंदा मी गाडा जुपतो. चिमण्याचा नातू हाय माझ्या दावणीला. तुझ्या डोळ्यादेखत निशाणापार नेतो का न्हाई बग. आन् तुझ्या हातात माईक न्हाई. तू त्या दिशी तोंडातल्या तोंडात गिळ.”

गाडी गेली. शालनबाईने केलेला चहा तिनेच प्यायला, आणि भैरूला म्हणाली, “त्या कनाला उगा हात लावलात.”

फोनवर उत्कर्षाने सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. “तात्या, तुम्ही कणाला कुठे पालथं केलंत? तुम्ही आवाज दुप्पट केलात.”

“मग कण कसा उलटायचा?”

“ते त्याच्यावरच काहीतरी घडायला लागतं. फ्लेक्सने नाही होत.”

भैरूने फोन खाली ठेवला. हसायला लावण्यात आयुष्य गेलं होतं त्याचं. त्या हसण्याखाली कुणी एवढी वर्षं उभं राहिलं असेल, हे त्याच्या तल्लख आठवणीत कुठेच नोंदलेलं नव्हतं.

यात्रा आली. घाटावर भंडारा उधळला, पिपाण्या वाजल्या, गोडी शेवेचे ढीग लागले. माचाणावर गणराज उभा राहिला, खरोखर निळ्या कोटात. आवाज गोड होता पोराचा, मधात बुडवून काढलेला. मोबाईलवरून एकेक नाव वाचायचा. “आणि ही येत आहे एक अतिशय सुंदर गाडी! आणि झाली! टाळ्या!” पुढची आली, “आणि ही येत आहे एक अतिशय सुंदर गाडी!” प्रत्येक बारी नवी कोरी, मागचीशी कसलाही संबंध नसलेली. पहिल्या बारीला गर्दी उसळली. मग थोडी बसली. मग त्यातली थोडी बसली. उन्हं वर येईतो अर्धा घाट मोबाईलमध्ये होता, आणि उरलेल्यातला अर्धा मिसळीकडे निघाला होता. उत्कर्षा हे बघून कुजबुजली, “किती सरळ निवतंय!”

भैरू तिच्या आणि शालनबाईच्या मधे, खालच्या बांधावर बसला होता. तोंड रिकामं राहू नये म्हणून शालनबाईने त्यात रेवड्या कोंबल्या होत्या.

वरच्या कडेला रसाचं दुकान होतं तिथेच होतं. आता रसवाल्याचा मुलगा चालवतो. सकाळी कमिटीतली माणसं मोळी हलवायला निघाली होती, तर सावळारामने हात आडवा केला. “ऱ्हाऊ द्या. तितंच ऱ्हाऊ द्या.” हे भैरूने लांबून पाहिलं होतं. 

सावळारामचा गाडा जुपला गेला. चिमण्याचा नातू आजासारखाच पांढरा. फक्त डाव्या कानाला काळा ठिपका, देवाने दृष्ट लागू नये म्हणून लावल्यासारखा. भैरूला त्याची सगळी कुळी ठाऊक होती. त्याची आई कुठली, ती गाभण असताना सावळाराम गोठ्यात झोपायचा, सगळं. हे सगळं त्याच्या गळ्यात गर्दी करून उभं राहिलं आणि रेवड्यांना अडलं.

बारी सुटली. घोडी पुढे, मागे चारी बैल, पायांखाली जमीन ढोलासारखी. पांढरा खोंड वर आला. मोळीजवळ आला. त्याची मान वळली, एक डोळा उसाकडे गेला. बांधावर शालनबाईने भैरूचं मनगट धरलं. आणि मान सरळ झाली. खोंड मोळीला वारा घालून निशाणापार निघून गेला.

सावळारामने दोन्ही हात आभाळात फेकले.

“आणि झाली!” गणराज म्हणाला. “ही होती श्रीयुत सखाराम यांची अतिशय सुंदर गाडी. टाळ्या! एक सूचना. एमएच चौदा पासिंगची पांढरी गाडी रस्त्यात उभी आहे, ती मालकाने काढून घ्यावी.”

नाव चुकलं होतं, आणि रस्त्यातली गाडीही सावळारामचीच होती.

दोन-चार टाळ्या पडल्या. एका पोराने कुल्फी चाटत जांभई दिली. सावळारामचे हात वर गेलेले, ते खाली घ्यावेत की नकोत हे त्याला उमगेना. एवढ्या वर्षांचं ओझं त्याने चढावरून खेचून आणलं होतं, आणि ते कसलं ओझं हे घाटावर कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याने गर्दीवरून नजर फिरवली. हे चेहरे, ते चेहरे. आणि शेवटी ती नजर बांधावर बसलेल्या एका टकलावर येऊन थांबली. तिथे मात्र डोळ्यांत पाणी होतं.

“ए भैरू!” सावळाराम वरून ओरडला. “मुक्यावानी काय बसलास? सांग की ह्यास्नी!”

भैरूने रेवड्या गिळल्या. “काय सांगू? माईक कुटाय?”

“घे त्यो! ए कोटवाल्या, दे त्यास्नी.”

भैरू माचाणावर चढला. सावळारामही धापा टाकत तिथवर आला. दोघे समोरासमोर. माईकवर हात ठेवून भैरूने हळूच विचारलं, “सगळं सांगू?”

“सगळं.”

“फराळ बी?”

सावळारामचा जबडा आवळला. खाली लोक मिसळीकडे निघालेच होते. त्याने एकदा मोळीकडे बघितलं, एकदा धापा टाकणाऱ्या खोंडाकडे.

“त्याबिगर कळंल व्हय त्यास्नी?” तो म्हणाला.

भैरूने माईकवर फुंकर मारली. ती फुंकर ओळखीची होती. मिसळीकडे निघालेले पाय थांबले.

“मंडळी, जाऊ नका. बारी अजून संपल्याली न्हाई. ही बारी वीस वर्षांमागं सुटल्याली हाय.” आणि त्याने सुरुवात केली. घाई केली नाही. चिमण्याचं पांढरेपण सांगितलं, कोरा चहा सांगितला, एकटी गेलेली घोडी सांगितली. “आन् तवा ह्याच भोंग्यातनं मी म्हनलो,” तो थांबला, “सावळारामचा बैल फराळाला बसलाय!” हशाची लाट खालून वर आली. सावळारामने मान खाली घातली. भैरूने लाट फुटू दिली, ओसरू दिली, आणि मग आवाज उतरवला.

“माझं एक वाक्य, मंडळी. ह्यो मानूस वीस वर्षं त्याच्याखाली उभा हाय. मयतीत ऐकलं, सोयरिकीत ऐकलं, पोराच्या कंपनीत ऐकलं. बंदीत घाट गप झाला, मी झालो न्हाई. आज सकाळी कमिटी मोळी हलवाया निघाली, तर हाच म्हनला, ऱ्हाऊ द्या. बगा ती मोळी! तेच दुकान, तीच जागा, तेच रगत! चिमण्याचा नातू आला, ऊस बघितला,” आता गळा पुरता उघडला होता, “आन् आजाचं उष्टं ठिवून निशाणापार गेलाऽऽ! भिर्रर्रर्रर्र!”

घाट फुटला. टोप्या उडाल्या, भंडाऱ्याने आभाळ पिवळं झालं. कुल्फीवालं पोर कुल्फी टाकून नाचलं. “फराळवालेऽऽ!” कुणीतरी ओरडलं, आणि शिट्ट्या पडल्या, आणि सावळारामचे हात पुन्हा वर गेले. यावेळी ते खाली घ्यावेत का, असा प्रश्नच त्याला पडला नाही. खाली पायथ्याशी देवाच्या शेंदराचा एक पोपडा गळून पडला. पुजाऱ्याने तो कौल समजून उचलून ठेवला.

उत्कर्षा माचाणाखाली आली. “किती परत आलं, तात्या?”

भैरूने सावळारामकडे बघितलं. चेहरा हसत नव्हता, पण आवळलेलाही नव्हता.

“निम्मं असंल.”

“निम्मं म्हणजे पुष्कळ झालं. आमचं तर दर वेळी तेवढंही येत नाही.”

सावळारामने कपाळावरचा भंडारा पुसला आणि नेहमीच्या अध्यक्षी आवाजात दरडावलं, “लई झालं कीर्तन. फुडची बारी घे.”

“मी?”

“मग काय त्यो कोटवाला? बैल बुजत्यात त्याच्या कोटाला.” तो उतरायला लागला, आणि दुसऱ्या पायरीवर थबकला. “आन् तुझा तो फ्लेक्स...”

“उतरवतो. उद्याच उतरवतो, शेठ.”

सावळारामने हायवेकडे पाहिलं. गाड्यांची रांग कमानीपासून थेट चौकापर्यंत थिजली होती.

“ऱ्हाऊ दे चार दिस,” तो म्हणाला. “ट्रॅफिक हाय.”